पात्याला लावलेलं कुंकू

मी चौतीस वर्षं एका कारखान्याच्या सुरक्षा खात्यात काढली. हेल्मेट कुठंय, चष्मा कुठंय, शिडी कुणी धरलीय, असं विचारत फिरणं हे माझं काम. मी येताना दिसलो की लोक वाट बदलायचे. गणिताच्या मास्तरांनाही पोरं अशीच टाळतात म्हणतात. पण माझी बायको बडोद्यातल्याच एका शाळेत गणित शिकवायची आणि तिच्याकडे मुलं सुट्टीतसुद्धा हसत यायची. तेव्हा दोष विषयाचा नव्हता, माझ्या तोंडाचा होता.

निवृत्त झालो तेव्हा खातं सुटलं, खोड सुटली नाही. मांजलपूरच्या आमच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे अंगण असलेल्या छोट्या घरात, मी गॅसची नळी, गीझरची वायर, मोरीतली फरशी यांची पाहणी करत हिंडू लागलो. बायको डबा काढायला स्टुलावर चढली की मी खाली स्टूल धरून उभा. सहा महिने तिने सोसलं. मग एक दिवस वरूनच म्हणाली, "अहो, हे घर आहे, प्लांट नाही."

"प्लांटमध्ये निदान लोक ऐकायचे."

"त्यांना त्याचा पगार मिळायचा," ती म्हणाली आणि साबुदाण्याचा डबा माझ्या हातात दिला.

अशा माणसाच्या घरात लाकूड कापायचं विजेचं मशीन आलं, ते तिच्या आईमुळे. माझ्या सासूबाई बडोद्यातच वासण्याला मेहुण्याकडे राहतात. गेल्या पावसाळ्यात त्या तिथल्या पायरीवरून घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. दर दिवाळीत आठ दिवस लेकीकडे राहायचं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. चालायला त्या बऱ्यापैकी लागल्या होत्या, पण पायरीची त्यांनी अशी धास्ती घेतली होती की पायरी बघितली की पाय उचलायलाच तयार नसत. आणि आमच्या अंगणातून ओट्यावर चढायला एक पायरी आहे. एकच, सहा इंचांची.

उपाय साधा होता, पायरीवर लाकडी रॅम्प टाकायचा. बायकोने मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "काले चोक्कस, बेन." उद्या नक्की. त्याचा तो उद्या महिनाभर चालला. नवरात्र तोंडावर आलं, सुतारांना गरब्याच्या मांडवांची कामं लागली आणि मिस्त्री फोन उचलेनासा झाला. मग एका दुपारी बायको स्कूटरवर पायांपाशी एक खोका ठेवून घरी आली. खोक्यात सर्क्युलर सॉ होतं, म्हणजे हातात धरून चालवायचं, गोल पात्याचं, दात विचकून बसलेलं ते मशीन, जे बघितल्यावर कारखान्यात मी पहिल्यांदा प्लग कुठे आहे ते शोधायचो.

"सहा इंच उंची, सहा फूट लांबी," ती म्हणाली. "एकास बाराचा उतार. सगळी भूमिती आहे. मी करते."

"भूमितीला दात नसतात."

"मग दातांचं तुम्ही शिकवा."

माझं पहिलं म्हणणं होतं की परत करून ये. दुसरं म्हणणं, मी कापतो. त्यावर तिने शांतपणे विचारलं की तुम्ही आजवर किती फळ्या कापल्यात. खरं सांगायचं तर एकही नाही. कापणाऱ्यांना मात्र भरपूर थांबवलं होतं. "आई माझी आहे," ती म्हणाली, "आणि तिच्यासाठी एक गोष्ट मला माझ्या हाताने करायची आहे." ठरलं असं, की नियम मी सांगायचे आणि कापायचं तिने.

पहिले तीन दिवस मी तिला प्लग लावूच दिला नाही. नमनाला घडाभर तेल म्हणतात, मी पिंपभर ओतलं. ओढणी काढायची. काचेच्या बांगड्या काढायच्या. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. केस बांधायचे, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट. वायर खांद्यावरून मागे टाकायची, पात्याच्या वाटेत नाही. ती वही घेऊन बसली होती आणि खरोखर लिहून घेत होती. इतकी वर्षं भाषणं दिली, पण लिहून घेणारा श्रोता मला तेव्हा पहिल्यांदा भेटला, त्यामुळे मला जरा चेव चढला हे कबूल करतो.

काही गोष्टी तिला माझ्याआधीच कळायच्या. फळीचे दोन्ही भाग नीट टेकलेले हवेत, असं मी म्हणालो, तर ती म्हणाली, "म्हणजे मधून वाकली तर कापलेली फट मिटणार आणि पातं त्यात चिमटणार." मी म्हणालो, हो, आणि मग मशीन मागे उसळतं, म्हणून बरोबर मागे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. पातं किती खाली सोडायचं तेही तिने पेन्सिलीने काढून दाखवलं: प्लायच्या जाडीपेक्षा एक दात जास्त, बस. उगाच खोल सोडलं तर खाली मोकळं पातं फिरत राहणार, ते कुणाच्या काय कामाचं?

पण सगळ्यात जास्त वेळ मी गार्डवर घालवला. पात्याचा खालचा भाग झाकणारं एक सरकतं झाकण असतं, तो गार्ड. लाकडात शिरताना तो आपोआप मागे सरकतो आणि लाकूड संपलं की स्प्रिंगने खट्कन मिटतो. हात सैल पडला, तोल गेला, पातं अजून फिरत असताना मशीन खाली ठेवलं, तर आपल्या आणि पात्याच्या मध्ये तेवढी एकच गोष्ट असते.

"दर वेळी प्लग काढून गार्ड उघडून सोडायचा," मी म्हणालो. "खट् आवाज आला पाहिजे."

"नाही आला तर?"

"तर मशीन चालवायचं नाही. देव आला तरी नाही."

तिने ते लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी तिने पहिला काप घेतला. दोन बाकांवर फळी, फळीला शिकंजे लावलेले, पेन्सिलीची रेघ, दोन्ही हात मशीनवर. पात्याला पूर्ण वेग येईपर्यंत थांबली आणि मग पुढे सरकवलं. शेजारच्या बेन आवाज ऐकून कुंपणापाशी आल्या. त्यांनी आधी मला शोधलं, मी रिकाम्या हातांनी उभा दिसल्यावर त्या चकित होऊन म्हणाल्या, "तमे जाते कापो छो, बेन? भाई नथी कापता?" स्वतः कापता? भाऊ नाही कापत? बायकोने मशीन थांबवलं, पातं पूर्ण थांबेस्तोवर वाट बघितली, मग चष्मा वर करून म्हणाली, "भाई बोले छे." भाऊ बोलतात.

आणि मी खरंच बोलत होतो. तिच्या खांद्यामागे उभा राहून अखंड बोलत होतो. हळू. सरळ. कोपर खाली. थांब. हां, आता. दुसऱ्या आठवड्यात ती रेघेवरून केसभरही हलत नव्हती, तरी माझं संपत नव्हतं. एकदा तिने मशीन बाकावर ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"तुम्ही असे मागे उभे राहिलात की माझं लक्ष लाकडावर राहत नाही, तुमच्या श्वासावर जातं. एकदा मला एकटीला कापू द्या. तुम्ही आत बसा."

"अजून नाही."

"मग कधी?"

तिला येत होतं हे मला दिसत होतं. ती माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर हाताने कापत होती हेही दिसत होतं. पण मी आत बसलोय आणि बाहेर तिच्या हातात ते पातं फिरतंय, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी चिडून म्हणालो, "अजून नाही म्हणजे नाही." तिने फळी उचलून भिंतीला लावली आणि त्या दिवशीचं काम थांबवलं.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा होते. माझे पाने, पक्कड, विळी, तिची कंपास पेटीसुद्धा. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या दुकानातून मी ताजं कुंकू आणि नाडाछडी आणली होती. नाडाछडी म्हणजे तो पूजेचा लाल-पिवळा दोरा. या वेळी पाटावर मधोमध सॉ बसवलं. सकाळी फाफडा-जलेबी खाऊन मी पूजेला बसलो. मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, गलगोट्याचं, म्हणजे झेंडूचं, फूल ठेवलं. पण पूजा पात्याची करायची, मशीनच्या प्लास्टिकची कसली? प्लग काढलेलाच होता. मी गार्ड मागे सरकवला आणि पात्याला कुंकू लावायला बोट नेलं, तर गार्ड सुटून बोटावर आपटला. दोनदा आपटला. मग मी नाडाछडी घेतली, गार्ड सरकवायची खिटी मागे ओढून मुठीशी चार वेढे देऊन घट्ट बांधली आणि पात्याला निवांतपणे पाच बोटं कुंकू लावलं.

बायकोने नमस्कार केला. संध्याकाळी एकमेकांना सोनं देताना ती म्हणाली, "उद्या शेवटचे दोन काप घेतले की नुसते स्क्रू राहतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन अंगणात आणून तिने नेहमीप्रमाणे गार्डला बोट लावलं. गार्ड उघडाच होता. खट् वाजलं नाही.

"हा दोरा काढू का?"

"पूजेचा दोरा असा तोडतात का? आपोआप सुटू द्यावा."

"पण गार्ड मिटत नाहीये."

"मग?"

"मग मी चालवत नाही."

यात चिडण्यासारखं काय होतं? तिने माझंच वाक्य मला सांगितलं होतं. पण मी चिडलो. बहुतेक त्यामुळेच चिडलो. ती वही, ते शांत बोलणं, कुंपणापलीकडे तुळशीला पाणी घालणाऱ्या शेजारच्या बेन, आणि मीच बांधलेल्या गाठीकडे बोट दाखवणारी माझी बायको. मी म्हणालो, "सरक. एकच काप आहे. तेवढ्याने काही होत नाही."

चौतीस वर्षांत मी अपघातांचे जेवढे अहवाल लिहिले त्यातल्या बऱ्याचशा अहवालांत 'एकच' हा शब्द कुठे ना कुठे होता. एकच नट राहिला होता, एकच मिनिट लागणार होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या पायात बूटही नव्हते, बाथरूमला जायच्या चपला होत्या.

काप चांगला झाला. एवढा चांगला, की मी तिच्याकडे वळून बघितलं, बघ म्हणून. आणि बघताबघता मशीन खाली फरशीवर ठेवलं. खटका मी सोडला होता, पण पातं अजून फिरत होतं आणि त्याला झाकायला काहीच नव्हतं. दात फरशीत रुतले, मशीन उसळलं आणि सरळ माझ्याकडे धावलं. चपलेचा पट्टा आणि डाव्या पावलाचा वरचा भाग त्याने एकदमच कापला. मला आधी दुखलं नाही. बायको भिंतीपाशी कशी पोचली आणि तिने प्लग कसा उपटला एवढंच दिसलं. मग तिने तिची ओढणी माझ्या पायाभोवती आवळली आणि शेजारच्या बेनना रिक्षा बोलवायला सांगितलं. तिचा आवाज वर्गात फळ्यापाशी असायचा तसा होता.

नऊ टाके पडले. हाड वाचलं. टाके घालणारे डॉक्टर माझा मुलगा शोभतील अशा वयाचे होते. त्यांनी हकीकत ऐकली आणि प्रेमाने म्हणाले, "काका, थोडुं सेफ्टीनुं ध्यान राखवुं जोईए ने?" थोडं सुरक्षेकडे लक्ष द्यायला हवं ना. मी म्हणालो, हो. बायको तोंड फिरवून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतेय. परत येताना रिक्षात तिने माझा दंड धरला होता, तेव्हा कळलं की ते हसू नव्हतं. मांजलपूर येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

घरी आल्यावर तिने कात्रीने नाडाछडी कापली आणि तुळशीच्या कुंडीत नेऊन ठेवली. पात्यावरचं कुंकू आणि जे काही होतं ते पुसलं. मशीन खोक्यात घातलं, खोका माळ्यावर टाकला. "आता नको," एवढंच म्हणाली. मला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मी उलट बोललो असतो आणि दोघांनाही बरं वाटलं असतं. मी हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, पाय लांब करून बसायचो आणि समोर भिंतीला टेकवलेल्या त्या कापलेल्या फळ्या दिसायच्या. एक काप राहिला होता.

दहा-बारा दिवस असे गेले. टाके निघाले, पण डॉक्टरांनी अजून पायावर जोर द्यायला मनाई केली होती. दिवाळीला आठवडा राहिला. एका दुपारी मेहुण्याचा फोन आला, आईला कधी आणू विचारायला. बायको स्वयंपाकघरात चकलीची भाजणी चाळत होती. माझ्यापर्यंत फक्त तिचं बोलणं येत होतं. "नको रे, इथे पायरी आहे. तिला भीती वाटेल. या वर्षी मीच येईन तिकडे." मग थोडं थांबून, "नाही नाही, तसं काही नाही. आईला सांग, मला वेळ झाला नाही म्हणून."

वेळ झाला नाही. तीन आठवडे वहीत लिहून, घाम गाळून, रेघ न् रेघ आखून केलेल्या कामाबद्दल ती आपल्या आईला खोटं सांगत होती, आणि ते माझ्या अब्रूसाठी. मला माझीच लाज वाटली.

मी तिला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, जरा बस. ती हिंचक्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी जे तिला कधी सांगितलं नव्हतं ते मी सांगितलं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. कारखान्याच्या सुतारखात्यात बाकावर बसवलेलं असंच गोल पात्याचं मशीन होतं, मोठं. एक दिवस फेरीवर असताना मला त्याचा गार्ड काढून बाजूला ठेवलेला दिसला. सुतार माझ्या वडिलांच्या वयाचा. म्हणाला, "साहेब, एकच फळी आहे. जाड आहे, गार्ड आडवा येतो. जेवणाच्या सुट्टीआधी लावतो." मी नवा होतो. त्याला सगळ्यांसमोर थांबवायचा संकोच वाटला. मी मान हलवली आणि पुढे गेलो. पुढच्या शेडपर्यंतही पोचलो नव्हतो. तोवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही नाही घेतलं. महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. त्याने मला खाटेवर बसवलं, घरातून चहा मागवला आणि कपबशी स्वतः माझ्यापुढे धरली, डाव्या हाताने. सवय नव्हती. चहा माझ्या पँटवर सांडला. आणि तो मला म्हणाला, माफ करा साहेब.

मी तिच्याकडे न बघता हे सगळं सांगितलं. हिंचका थांबला होता.

"आणि मला तुम्ही एवढे नियम सांगितलेत," ती म्हणाली, "हे नाही सांगितलंत."

"नियम सांगायला सोपे असतात."

"मला वाटायचं, तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"विश्वास आहे गं. भीती त्याहून मोठी आहे." मग एकदा तोंड उघडलंच आहे तर म्हटलं सगळंच बोलून टाकावं. "तू फळ्यावर लिहायचीस ते हात, आता हे पीठ लागलेले. मला तुझे हात फार आवडतात. त्यांना काही झालं तर मी काय करू, ते मला कळत नाही."

असलं वाक्य मी आमच्या लग्नाच्या वर्षीसुद्धा बोललो नव्हतो. तिने पालथ्या हाताने डोळे पुसले, त्यामुळे गालाला पीठ लागलं, आणि काळजीने विचारलं, "पाय जास्त दुखतोय का?"

"पाय ठीक आहे. तू तो काप घे. आईला बोलव. आणि मी अंगणात येणार नाही. आत बसेन."

"तुम्हाला जमेल?"

हा प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माळ्यावरून खोका काढला. ओढणी आणि बांगड्या काढल्या, बूट घातले, केस बांधले. मी दिवाणखान्यात सोफ्यावर, पाय समोरच्या स्टुलावर. जाताना तिने जाळीचं दार लोटून घेतलं, सोफ्यावरून त्याच्यापलीकडचं अंगण मला दिसत नव्हतं. शिकंजे आवळल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काहीच नाही. ती रेघ तपासत असणार. माझ्या तोंडात चार सूचना आल्या होत्या. मी ओठ मिटून बसलो.

मग मशीन सुरू झालं. आवाज चढला, भरला, लाकडात शिरल्यावर जड झाला. किती वेळ चालला कोण जाणे. सहा फूट काही फार नाहीत. मी सोफ्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. मधेच आवाज अडखळल्यासारखा झाला आणि माझा चांगला पाय आपोआप जमिनीवर आला. पुन्हा सरळ झाला. पाय तसाच ठेवला, पण उठलो नाही. मग एकदम मोकळा आवाज, मग उतरत गेलेला, आणि मग शांतता.

एवढी शांतता मला नको होती. फळी पडल्याचा आवाज आला पाहिजे होता, प्लग काढल्याचा, तिच्या खोकल्याचा, कशाचा तरी. बाहेर शेजारच्या बेन कुणाला तरी दूध उतू जातंय म्हणून ओरडल्या. बायकोचं नाव माझ्या ओठांवर आलं. मी हाक मारली नाही आणि उठलोही नाही. आजवर माझ्या हातून जे काही अवघड काम झालं असेल, त्यात त्या सोफ्यावर बसून राहणं मी धरतो.

जाळीचं दार वाजलं. ती आत आली. भुवयांवर, पापण्यांवर, केसांवर सगळीकडे लाकडाचा भुस्सा. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले, बोटं फाकवली.

"मोजा," ती म्हणाली.

मी मोजायला लागलो. एकेका बोटाला हात लावून, डावीकडून. अर्ध्यात चुकलो, डोळ्यांना नीट दिसेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझं मोजून होईपर्यंत तिने हात तसेच धरून ठेवले.